बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान: काय पाहावं, काय सोडावं, कधी जावं

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून बरेच लोक निराश होऊन बाहेर पडतात, आणि त्यात जंगलाचा दोष फार थोडा असतो. रविवारी अकराला गेटवर पोचायचं, सफारीच्या रांगेत उभं राहायचं, भर उन्हात कान्हेरी लेण्यांच्या तापल्या कातळावर चढायचं आणि पाणी संपलं की खाली उतरायचं, असा बेत असेल तर गर्दी, घाम आणि माकडं एवढंच पदरी पडणार. तीच माणसं आठवड्याच्या मधल्या वारी गेट उघडताच आत शिरली, तर नऊ वाजेपर्यंत त्यांनी जे पाहिलेलं असेल ते कुठल्याही सुट्टीच्या गावी सहज मिळत नाही. म्हणून इथली सगळी शिफारस एका मुद्द्यावर उभी आहे: लवकर जा आणि एका दिवसात एकच गोष्ट नीट पाहा.

हे मुळात बागेसारखं उद्यान नाही. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं डोंगराळ जंगल आहे. पश्चिमेला दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव, पूर्वेला भांडुप, मुलुंड आणि ठाणे, अशा उपनगरांच्या कोंडाळ्यात ते आहे. वसईच्या खाडीपलीकडचा नागला हा भागही त्याचाच. १८६० मध्ये पूर्ण झालेला विहार आणि १८७९चा तुळशी हे दोन्ही तलाव याच डोंगरांतलं पाणी साठवतात आणि आजही मुंबईला पाणी देतात. तुळशीच्या खाली दहिसर नदी सुरू होते. विहार आणि पवईच्या सांडव्यातून मिठी. दोन्ही तलावांवर पर्यटकांना प्रवेश नाही. नकाशात निळं दिसलं म्हणून तिकडे वळू नका, चौकीवरून परत पाठवतात.

मुख्य गेट बोरिवली पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्गालगत आहे. लोकलने येत असाल तर पूर्वेला उतरून चालत पंधराएक मिनिटं लागतात. मेट्रो ७ वर तर ‘राष्ट्रीय उद्यान’ याच नावाचं स्थानक आहे, तिथून गेट अगदी जवळ. सोमवारी उद्यान बंद असतं, आणि हे न बघता येणारे दर सोमवारी गेटवर भेटतात. बाकीच्या दिवशी पर्यटकांना सकाळी साडेसातच्या सुमारास आत सोडतात. त्याआधी पासवाले फिरायला येतात. प्रवेशाचे चालू दर गेटवरच्या फलकावर असतात. आत गेल्यावर कान्हेरी, सफारी, नौकाविहार, सायकल या प्रत्येकाचे पैसे वेगळे, त्यामुळे सुटे पैसे जवळ ठेवा. डोंगरात नेटवर्क जातं आणि मग फोनवरून पैसे देणं अडतं.

गेटपासून कान्हेरी लेणी साधारण सहा ते सात किलोमीटरवर आहेत. हा डांबरी रस्ता म्हणजे या उद्यानाचा कणा. तो कसा पार करायचा यावर सगळा दिवस ठरतो. पर्याय तीन: उद्यानाची बस, भाड्याची सायकल, नाहीतर पाय.

बसने वेळ वाचतो, पण जंगल खिडकीबाहेरच राहतं. वयस्कर माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर बसच बरी. जाताना चढायच्या आधी शेवटची परतीची बस किती वाजता आहे ते विचारून घ्या. संध्याकाळी सगळे एकदमच खाली निघतात आणि मग रांग लांबते.

सायकल हा सगळ्यात चांगला पर्याय, फक्त ती घेताना दोन मिनिटं खर्च करा. मागचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. चाक घसटत थांबलं पाहिजे, फिरत राहिलं तर दुसरी मागा. टायर अंगठ्याने दाबून बघा. सीटवर बसल्यावर पेडल खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा, नाहीतर चढाला मांड्या भरून येतात. गिअर असतील तर ते पडतात का हे तिथेच गल्लीत चालवून पाहा. सुरुवातीचा रस्ता हलका वरखाली आहे. खरा चढ शेवटच्या टप्प्यात लागतो आणि तिथे बहुतेक जण उतरून चालतात, त्यात कमीपणा काही नाही. अपघात होतात ते उतरताना. वळणांवर वाळलेली पानं आणि बारीक खडी साचलेली असते, समोरून बस येते, आणि वेग धरलेल्या माणसाने पुढचा ब्रेक एकदम दाबला की सायकल घसरते. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, वळणाच्या आधी, ही सवय ठेवली की पुरे.

चालत जाणाऱ्याला दीड ते दोन तास लागतात. जाताना चालावं आणि येताना बसने यावं, ही जोडणी आम्हाला सगळ्यात पटते. सकाळी रस्ता सावलीत असतो, पक्षी बोलत असतात, आणि दुपारी थकलेले पाय वाचतात. हा रस्ता पायी करताना घाई करू नका. साग, ऐन, कळंब, हेद, बांबू असं मिश्र पानगळीचं रान दोन्ही बाजूंना आहे. अधूनमधून पांढऱ्या, चकचकीत सालीचं कांडोळ दिसतं. फेब्रुवारीत पानं झडल्यावर ते दुरूनही ओळखू येतं. मार्चमध्ये कुसुमाला पालवी फुटते ती लालभडक, आणि बरेच जण तिला फुलंच समजतात. जवळ जाऊन एक पान उजेडासमोर धरा: कोवळं असताना ते तांबूस काचेसारखं पारदर्शक असतं, शिरा मोजता येतात, आणि थोड्याच दिवसांत ते पोपटी होऊन जातं. पळस, पांगारा आणि सावर याच सुमाराला फुलतात. त्यांच्याखाली पंधरा मिनिटं नुसतं उभं राहिलं तरी शिंजीर, कोतवाल, हळद्या, मैना हे सगळे मधासाठी हजेरी लावून जातात. पक्षी बघायचे तर फिरण्यापेक्षा फुललेलं झाड धरून बसणं जास्त फळतं.

रस्त्यालगत आदिवासी पाडे आहेत. तिथल्या बायका हंगामाप्रमाणे काकडी, कैरी, बोरं, करवंदं, जांभळं विकायला बसतात. ही माणसं या जंगलात उद्यान होण्याच्या कितीतरी आधीपासून राहतात. त्यांच्या अंगणात शिरून फोटो काढू नका. वस्तू घ्याल तर पानातच घ्या.

आता कान्हेरी. या उद्यानात एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर ती ही, आणि तिला किमान तीन तास द्या. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात असल्याने तिकीट वेगळं: भारतीयांना रोख २५ रुपये, ऑनलाइन २०, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. शंभराहून जास्त बौद्ध लेणी एकाच डोंगराच्या बेसाल्टमध्ये कोरलेली आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास काम सुरू झालं आणि हजारेक वर्षं वस्ती टिकली. शूर्पारक म्हणजे सोपारा, कल्याण आणि चेऊल ही बंदरं जवळ होती. व्यापाऱ्यांच्या दानावर हा विहार, म्हणजे भिक्षूंचा मठ, चालत असे.

बहुतेक लोक तिकीट खिडकीजवळची पहिली तीन लेणी बघतात, मोठ्या बुद्धमूर्तींपुढे फोटो काढतात आणि परत फिरतात. तिसरं लेणं भव्य आहे यात शंका नाही. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं हे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, कार्ल्याच्या धर्तीवर कोरलेलं. व्हरांड्याच्या दोन टोकांना सुमारे सात मीटर उंचीचे बुद्ध समोरासमोर उभे आहेत. त्या मूर्ती नंतरच्या काळातल्या. आत गेल्यावर खांबांकडे नीट बघा. काहींच्या माथ्यावर हत्ती, घोडे आणि स्तूपाची पूजा करणारी माणसं कोरलेली आहेत, बाकीचे नुसते अष्टकोनी राहिलेत. काम मध्येच थांबल्याची ही खूण आहे, आणि पहिलं लेणं तर अर्धवटच सोडलेलं आहे. कारागिरांनी दगड वरून खाली कसा काढत आणला हे तिथे उघड दिसतं, म्हणून ते चुकवू नका.

खरी कान्हेरी पुढे ओढा ओलांडून वर चढल्यावर लागते. अकरावं लेणं म्हणजे ‘दरबार’: लांबट दालन आणि त्यात जमिनीला समांतर दोन दगडी ओटे, वेरूळच्या पाचव्या लेण्याची आठवण करून देणारे. इथे राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला, ९व्या शतकातला लेख आहे. चौतिसाव्या लेण्याच्या छतावर बुद्धाच्या चित्राचे अवशेष आहेत. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर डोळे सरावायला दोन मिनिटं द्यावी लागतात, त्याआधी काहीच दिसत नाही. फ्लॅश मारू नका. एकेचाळिसाव्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, आहे. नव्वदावं लेणं गाठायला जास्त चढावं लागतं, पण ते सोडायचं नाही. संकटांतून प्रवाशांना सोडवणारा अवलोकितेश्वर तिथे कोरलेला आहे, आणि भिंतीवर पहलवी लिपीतले लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये इथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं कोरून ठेवलेले. सत्त्याऐंशीव्या क्रमांकाशी लांबलचक कपारीखाली विटांच्या स्तूपांची जोती ओळीने दिसतात. ही इथल्या भिक्षूंची स्मशानभूमी.

पण मूर्तींइतकंच, कदाचित जास्तच, बघण्यासारखं आहे ते इथलं पाणी. कुठल्याही विहारासमोर उभे राहा आणि नजर दाराच्या वर, कातळाच्या कपाळावर न्या. तिथे बोटभर खोलीची पन्हळ खोदलेली दिसेल. पावसाचं पाणी दारावरून आत न येता या पन्हळीतून बाजूला वळतं आणि अंगणाच्या कडेच्या टाक्यात, म्हणजे पोढीत, पडतं. टाक्याचं तोंड लहान आणि पोट आत खडकाखाली पसरलेलं, त्यामुळे ऊन लागत नाही आणि पाणी आटत नाही. काही टाक्यांत एप्रिलमध्येही पाणी दिसतं. अंगणात खांब रोवायची गोल भोकंही आहेत. पावसाळ्यात तिथे झापांचा मांडव घालत असणार. शेजारची दोनतीन लेणी याच नजरेने पाहिली की पुढे प्रत्येक लेण्यात ही व्यवस्था आपोआप दिसू लागते. टाक्यातलं पाणी आज पिऊ नका, आणि काठावर मुलांना एकटं सोडू नका. कडेला कठडा नाही, आणि शेवाळ असतं.

लेण्यांचे क्रमांक दारांवर घातलेले आहेत, पण ते चालण्याच्या वाटेप्रमाणे लागत नाहीत. डोंगरावर तीनचार थर आहेत आणि एका थरातून दुसऱ्यात खोदीव पायऱ्यांनी जावं लागतं. म्हणून आधी थेट वर चढा आणि मग उतरत उतरत लेणी बघा. सकाळी अंगात जोर असताना चढ संपतो आणि ऊन वाढेल तसे तुम्ही खालच्या सावलीत येता. वरच्या सपाटीवरून निरभ्र दिवशी पश्चिमेकडचे मनोरे आणि मधलं अखंड जंगल एकाच नजरेत येतं.

पाणी माणशी दोन लिटर, मार्चनंतर तीन. स्टीलची बाटली बरी. प्लास्टिकच्या पिशव्या आत नेऊ नयेत. रबरी, खाचदार तळव्याचे बूट घाला. चपलांची आणि गुळगुळीत तळव्याची गाठ या कातळाशी पडली की तळवाच हरतो. स्वच्छतागृहाचं काम गेटवर आणि लेण्यांपाशी उरकून घ्या, मधल्या रस्त्यात सोय नाही.

माकडांचं प्रकरण कान्हेरीला खरोखर त्रासदायक आहे, आणि ते पूर्णपणे माणसांनी शिकवलेलं आहे. लालतोंडी माकडं पिशवीची चुरचुर ओळखतात. वेफर्सचा पुडा फोडला की तीस फुटांवरून येतात. खाणं पाठीवरच्या बंद चेनच्या पिशवीत, डब्यातच ठेवा. हातात पिशवी लटकवू नका. माकड अंगावर आलंच तर नजर भिडवू नका, दात दिसतील असं हसू नका, पाठ फिरवून पळू नका. वस्तू पकडली असेल तर सोडून द्या. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठायचा. ‘छोटा ओरखडा आहे, उद्या बघू’ असं कधीही म्हणू नये.

बिबट्यांबद्दल लोक एकतर फार घाबरतात किंवा अजिबात विचार करत नाहीत. कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, अभ्यासांत इथली बिबट्यांची संख्या चाळिशी-पन्नाशीच्या घरात आलेली आहे, इतक्या छोट्या जंगलाच्या मानाने खूपच दाट. दिवसा, रस्त्यावर, तो दिसण्याची शक्यता नगण्य. २००२ ते २००४ या काळात उद्यानाभोवती जीवघेणे हल्ले वाढले होते, आणि दुसरीकडे पकडलेले बिबटे आणून सोडणं हे त्यामागचं एक कारण अभ्यासकांनी दाखवून दिलं. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो. कचऱ्याचाही यात मोठा वाटा आहे: कचरा टाकला की भटकी कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीपर्यंत येतो. म्हणून खाल्लेल्याचं साल आणि कागद परत घरी नेणं इथे निव्वळ शिस्तीपुरतं राहत नाही. अंधार पडायच्या आत बाहेर पडा, लहान मूल कायम मोठ्यांच्या मधोमध चालू द्या, झुडपाआड एकट्याने उकिडवं बसू नका. समोर आलाच तर उभे राहा, मोठ्याने बोला, हळूहळू मागे सरका. मदतीसाठी वनविभागाचा क्रमांक १९२६.

साप दिसण्याची शक्यता बिबट्यापेक्षा कितीतरी जास्त. घोणस, नाग, मण्यार, फुरसं आणि झाडावरचा हिरवा चापडा, सगळे इथे आहेत. बसायच्या आधी दगडामागे बघा, पानांच्या ढिगात पाय खुपसू नका. हिवाळ्याच्या शेवटी खाजकुयलीच्या शेंगांची सोनेरी लव वाऱ्याने उडते. अंगाला लागली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा आणि मग धुवा.

सिंह-वाघ सफारीबद्दल थोडक्यात: जाळी लावलेल्या गाडीतून कुंपणातले, पाळीव स्थितीतले प्राणी दाखवतात. लहान मुलांना आवडतं. जंगल बघायला आलेल्या मोठ्यांनी त्यासाठी सकाळचा वेळ देऊ नये. हवीच असेल तर कान्हेरीहून परतल्यावर, दुपारी. नौकाविहाराचंही तेच. गेटजवळची गांधी टेकडी मात्र अर्धा-पाऊण तास असणाऱ्यांसाठी चांगली आहे, चढ सोपा आणि वरून झाडीचा माथा दिसतो.

कधी जावं याचं उत्तर काय बघायचंय त्यावर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालायला उत्तम. फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च फुलांसाठी, पक्ष्यांसाठी. एप्रिल-मेमध्ये बहावा फुलतो, पण कान्हेरीचा कातळ दहानंतर हात ठेववत नाही इतका तापतो. पावसाळ्यात हे जंगल आपल्या खऱ्या रूपात असतं: कान्हेरीचा ओढा धबधब्यासारखा कोसळतो, तिबोटी खंड्या घरट्यासाठी आलेला असतो. त्याच दिवसांत सगळ्यात जास्त अपघातही होतात. डोंगरावर पाऊस पडला की ओढा दहा-पंधरा मिनिटांत चढतो, खाली ऊन असलं तरीही. पाणी गढूळ झालं किंवा त्यात पानं-काटक्या वाहत येऊ लागल्या की त्या क्षणी पात्रातून बाहेर या. महाशिवरात्रीला कान्हेरीला प्रचंड गर्दी लोटते, लेणी बघायची असतील तर तो दिवस टाळा. ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलपाखरांचे महिने. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन इथे सहज दिसतं. आणि कारवी हे झुडूप: दर आठ वर्षांनी अख्ख्या उतारावर एकदम जांभळी फुलते, बी धरते आणि मरते. २०१६ नंतर २०२४ मध्ये ती फुलली, म्हणजे पुढचा मोठा बहर २०३२चा.

डांबरी रस्ता सोडून आतल्या पायवाटांवर जायला परवानगी लागते, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली. ही अट जाचक वाटली तरी योग्यच आहे. वाटा ठरावीक असल्यामुळेच बाकीचं जंगल शांत राहतं. शिलोंढा, कान्हेरीच्या वरची वाट, नागला अशा वाटांवर उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रामार्फत वाटाड्यासह जाता येतं. आधी नाव नोंदवा, गट लहान ठेवा, कपडे मातकट रंगाचे, अत्तर-डिओ नको. शिलोंढ्याची वाट ओढ्याकाठाने जाते आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला तीच सुचवावी: चढ कमी, पक्षी भरपूर, आणि गाडीचा आवाज पहिल्या वळणानंतर बंद होतो. शनिवार-रविवारची नोंदणी आधी भरते, तेव्हा मधला वार मागा. मुलुंड-ठाण्याकडच्यांना येऊरचं प्रवेशद्वार जवळ पडतं. गोरेगावला चित्रनगरीपाशी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्गशिक्षण केंद्र आहे. शाळकरी मुलांची पहिली ओळख तिथे करून द्यावी आणि बोरिवलीला मग आणावं.